भागवतचं कठीण बी

अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये लाडके खेळाडू कोण, याचा कौल दर हिवाळ्यात लागतो. तो लागला, की राहुरीत आमचा भागवत अंघोळ करून, टोपी घालून निकाल वाचायला बसतो. मध्ये कोणी बोललेलं चालत नाही. वहिनी चहासुद्धा खुणेनेच विचारतात.

आम्ही दोघं बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत होतो. दाणे ओल्या कागदात गुंडाळायचे, ठरल्या दिवशी उघडून मोजायचे: उगवलेलं, मेलेलं आणि कठीण. कठीण म्हणजे जिवंतच, पण साल जाड. पाणी आत शिरायला वेळ लागतो. भागवत त्याच्या वहीत खेळाडूंनाही याच रकान्यांत बसवतो.

तिकडे प्रेक्षकांची आणि खेळाडूंची मतं वेगळी मोजतात. "प्रेक्षकांचं मत म्हंजी वरात," तो म्हणतो, "आन् खेळाडूंचं मत म्हंजी सोयरीक. ती चौकशी करून हुती."

एकदा प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेला एक उंच गडी त्याने 'मेलेलं'मध्ये टाकला. मी हसलो.

"संगं खेळनारे त्याला मत देईनात, नाना. गुडघा गेलाय, त्यांना ठाव हाय."

महिनाभरात त्या गड्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्याची बातमी आली. मी तोंडात बोट घातलं. एकही सामना पुरता न बघता हा माणूस सातासमुद्रापलीकडचा गुडघा ओळखतो.

यंदा मी विचारलं, एवढा जीव कशाला टाकतोस यात? त्याने वहीचं पहिलं पान उघडलं. तरुणपणी आमच्या प्रयोगशाळेचाही बास्केटबॉलचा संघ होता. लाडका खेळाडू निवडायला आम्ही अकरा जणांनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. पानावर लिहिलं होतं: नाना, नऊ. भागवत, दोन. स्वतःच्या नावापुढे 'मेलेलं'. त्यानंतर त्याने चेंडूला हात लावला नव्हता.

"माज्यात काय कमी हुतं, ते हुडकतोय," तो म्हणाला. "आजून घावलं न्हाई."

चिठ्ठ्या मी मोजल्या होत्या. माझं लग्न ठरत होतं आणि मुलीकडची माणसं त्या दिवशी मैदानावर आली होती. नऊ मतं भागवतची होती. मी निकाल उलटा वाचला. चाळीस वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं. ते पान बघितल्यावर त्याला सांगितलं, आज इथे लिहितो आहे.

भागवतने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हंजी दोन तुला. त्यातलं एक तुजंच."

मी मान डोलावली.

"दुसरं मी दिल्तं," तो म्हणाला.

मग त्याने पेन उघडलं. स्वतःच्या नावापुढचं 'मेलेलं' खोडून 'उगवलेलं' लिहिलं. माझ्या नावापाशी पेन बराच वेळ थांबलं. 'मेलेलं' लिहिलं जाणार, हे मी धरूनच चाललो होतो आणि मला ते कबूलही होतं. शेवटी त्याने लिहून वही माझ्याकडे फिरवली.

'कठीण.'