गेडाम सरांच्या माश्या आणि माझी साक्ष

गेडाम सर कुणाच्याही घरी गेले की आधी केळ्यांची चौकशी करत. केळी सडलेली निघाली की त्यांचा चेहरा उजळे. खिशातून काचेची नळी काढत आणि केळ्यांवर घोंगावणाऱ्या बारीक फळमाश्या तिच्यात अलगद ओढून घेत. "एक मिनिट बाई, पाहुणे आले हायत."

माझ्या मेहुणीच्या लग्नात त्यांनी वरमाईच्या पुढ्यातल्या फळांच्या ताटावरून अकरा माश्या पकडल्या. वरमाईने विचारलं, "हे कोण?" मी म्हणालो, "तुमच्याकडचेच असतील." त्यांना ओळख न देण्याचा माझा सराव तेव्हापासूनचा.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात आम्ही दोघं प्राणिशास्त्र शिकवत होतो. मी त्यांच्या आधी आठ महिने रुजू झालो, एवढ्या कर्तबगारीवर विभागप्रमुख झालो. मी फळमाशी शिकवायचो ती पिवळ्या पडलेल्या नोट्सवरून. खरी माशी मला त्यांनीच दाखवली. भिंगाखाली धरून म्हणाले, "पाहा सर, इतके वर्षं तुम्ही हिचीच निंदा करून राह्यले."

जगातल्या प्रत्येक गोष्टीचं त्यांच्याकडे एकच उत्तर होतं. "जीन त सगळ्यांतच हाय. स्विच कुठी हाय ते पाहा." एखादा पोरगा तिसऱ्यांदा नापास झाला तरी हेच. प्राचार्य खेकसले की माझ्या कानात, "स्विच दबला, दबला!"

त्यांचा प्रयोगही स्विचचाच होता. सडलेल्या फळात दारू तयार होते. तिथे वाढणाऱ्या माशीच्या अंगात ती दारू पचवणारं एक एन्झाइम असतं. ते बनवणारा जीन अळीत आणि मोठ्या माशीत एकच, पण तो चालू करणारे स्विच दोन. अळीपणी एक, मोठेपणी दुसरा. माश्यांचं एक घराणं दारूच्या अन्नावर आणि एक साध्या अन्नावर पिढ्यान् पिढ्या वाढवायचं, आणि कोणाची पचनशक्ती वाढते ते बघायचं.

साधं अन्न म्हणजे मक्याचं पीठ आणि गूळ. दारूच्या अन्नासाठी काय वापरावं, हा प्रश्न होता. दिवस उन्हाळ्याचे, गावभर अंगणांत मोहाची फुलं वाळत पडलेली. मी म्हणालो, "मोह आंबवून घाला की!" आयुष्यात मला स्वतःहून सुचलेली ही एकमेव गोष्ट. पोतंही मीच सायकलवर आणलं. गेडाम सर घाबरले होते. जिल्ह्यात दारूबंदी. "सर, माह्या नावावर बरं नाई दिसणार हे." मी छाती काढून म्हणालो, "विभागप्रमुख मी आहे ना!"

दर शनिवारी आम्ही माश्या मोजायचो. ते भिंगातून बघून आकडा सांगत, मी लिहून घेई. चाळीस पिढ्या झाल्या. मोहाच्या घराण्याला दारू चढणं कमी होत चाललं होतं.

मग तपासणी समिती आली. प्रयोगशाळेचं दार उघडताच अध्यक्षांनी नाक वर केलं. "हा कसला वास?"

"माश्यांचं जेवण हाय साहेब," गेडाम सर म्हणाले. "मोहाचा सडवा. माशीच्या पोटात एक एन्झाइम असते, ते दारू पचवते. अळीत त्याचा स्विच..."

"आणि तुमच्या पोटात?"

समिती हसली. प्राचार्य हसले. मीही हसलो. गेडाम सर दारूच काय, चहासुद्धा घेत नसत. पण गेडाम हे आदिवासी आडनाव आणि मोहाचा वास एकत्र आल्यावर त्या लोकांना आणखी पुरावा नको होता.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "विभागप्रमुख, तुम्हाला हे माहीत होतं?"

"नाही सर," मी म्हणालो. "मला काहीच माहीत नव्हतं."

गेडाम सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग एकेक बाटली उचलून मागच्या अंगणात नेली आणि रिकामी केली. त्यांची बढती कायमची अडली. पोरांनी त्यांचं नाव 'भट्टीवाले सर' ठेवलं. मी माझ्या खोलीतून प्रयोगशाळेकडे जाणारा रस्ताच सोडला. वर्गावर लांबून वळसा घालून जाऊ लागलो. तब्येतीसाठी, असं घरी सांगितलं.

आता कॉलेजची स्मरणिका निघते आहे. तिच्यात कुणी माजी विद्यार्थ्याने भट्टीवाल्या सरांचा किस्सा पाठवला म्हणे. संपादकांनी मलाही लेख मागितला. म्हणून हे लिहिलं, आणि छापण्याआधी कागद घेऊन आलापल्लीला गेलो. बायको वारल्यापासून गेडाम सर तिथे एकटेच राहतात.

मी उभ्या उभ्याच सगळं वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर म्हणालो, "सर, माझ्यामुळे तुमचं नाव खराब झालं."

"नावाचं सोडा जी," ते म्हणाले. "पण तुम्ही त्या दिवसापासून आलेच नाई. मी पुन्हा माश्या पाळल्या. साध्या, गुळावरच्या. दर शनिवारी वाट पाहो. एकट्यानं मोजलं त चूक कोण पकडन?"

त्यांनीच खुर्ची पुढे सरकवली. "बसा. तुमच्या लेखात चुका हायत."

"कुठे?"

"माश्या अकरा नोय, नऊ होत्या. दुरुस्त करून उद्या आणा."

दुसऱ्या दिवशी त्यांना पोत्याच्या वजनात चूक सापडली. मी वजन काढून टाकलं. तिसऱ्या दिवशी स्विचचं वाक्य उलटं निघालं, ते सुलटं केलं. अकराच्या नऊ मात्र मी केल्या नाहीत. यावर आमचं रोज भांडण होतं. संपादकांचे फोन येतात, मी "तपासणी चालू आहे" म्हणतो.

काल त्यांना शोधायला नवी चूक उरली नव्हती, म्हणून मी घरूनच एक घालून नेली: माशीला सहाच्या जागी आठ पाय लिहिले. गेडाम सरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, बराच वेळ ठेवलं.

"हे पान बरोबर वाटते," ते म्हणाले. "पण घाई नोका करू. उद्या पुन्हा पाहू."