शाणूकाकांचं कच्चं कोडं

आमच्या शेजारच्या शाणूकाकांना कुणी "जेवलात?" म्हणून विचारलं, तर ते म्हणत, "जेवणान खाल्लो माका." सरळ उत्तर त्यांच्या तोंडून आमच्या इब्रामपूर गावात कुणी ऐकलेलं नाही.

दर सोमवारी देवळात भजन संपलं की काका स्वतः रचलेलं उलटं कोडं घालत. आंधळ्याने आरशाला वाट दाखवली, सावलीने झाड तोडलं, असलं काहीतरी. भजनाचे बुवा अर्थ लावत. काका मान हलवत, "कच्चा रे, अजून पिकूक नाय!"

काकी गेल्या, त्यानंतर मात्र ते एकच कोडं घालू लागले. "बोंडू गळून पडलो, बी फांदयेरच रवली." आता काजूचं बोंडू पडतं ते बी घेऊनच पडतं, बी फांदीवर राहत नाही, हे आमच्याकडे पोरंसुद्धा जाणतात. बुवा म्हणाले, "देह पडला, आत्मा राहिला."

"कच्चा!"

"माया गळाली, ब्रह्म उरलं."

"तुजी अक्कल अजून मोहरात आसा, बुवा!"

गोवा राज्य झालं, तेव्हाचे हे दिवस. मराठी की कोकणी, यावर देवळाच्या पायरीवर भांडणं चालत. काका म्हणत, "खंयचेय भाशेत सांगा, पण म्हजें कोडें सोडवा. सोडवतल्याच्या पायांर डोकें ठेवीन." कुणाला जमणार नाही याची त्यांना खात्री होती. मग अहंकार कसा वाईट, हे मिशीवर हात फिरवत सगळ्यांना सांगत. आम्ही बायका मागे बसून पदरात हसायचो.

काजूच्या दिवसांत मी त्यांच्या बागेत मदतीला गेले. पूर्वी काका बोंडू वेचून आणत आणि काकी पाटावर बसून पिळा देऊन बी वेगळी करत. आता दोन्ही कामं काकाच करत होते. पण पाट मात्र दोन मांडलेले. एकावर ते स्वतः, दुसरा रिकामा. त्यावर पडलेली पानं ते मधूनमधून झाडत.

मी चारचौघांत कधी बोलत नाही. पण तिथे चारचौघं नव्हते.

"काकानू," मी म्हटलं, "बोंडू म्हणजे काकी. बी म्हणजे तुमी."

त्यांच्या हातातला पिळा अर्ध्यावर थांबला. मी "कच्चा"ची वाट पाहत राहिले. काका उठले आणि खरंच माझ्या पायांशी वाकू लागले. मी घाबरून पाय लुगड्यात ओढून घेतले.

"अवो काका, शोभता काय ह्या?"

"शब्द दिल्लो गो," ते म्हणाले. "इतके दिस ह्या कोड्यांत सगळे देवाक सोदीत आशिल्ले. तिका कोणीच सोदूक नाय."

मग त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने दुसरा पाट पुसला आणि माझ्याकडे सरकवला.