सतरा ठिकाणी बदल

चाळणीबाईंच्या हातून चूक निसटत नाही, असं अख्खं ऑफिस म्हणायचं, आणि त्या स्वतः तर सर्वांत जास्त म्हणायच्या. यंत्रांच्या माहितीपुस्तिका तपासणं हे त्यांचं काम. पंख्यापासून पाण्याच्या पंपापर्यंत शेकडो पुस्तिका त्यांच्या लाल पेनाखालून गेल्या होत्या.

या वेळची पुस्तिका मात्र वेगळी होती. ती माणसांनी वाचायचीच नव्हती. ऑफिसात नवा एआय मदतनीस आला होता. कागदपत्रांत दुरुस्त्या करण्याचं एक साधन त्याला दिलं होतं, आणि ते साधन कसं वापरायचं हे तो या पुस्तिकेतून शिकणार होता. पुस्तिका बरोबर आहे की नाही, हे बाईंनी ठरवायचं. परीक्षण चांगलं झालं तर बढती, असं विभागप्रमुखांनी सुचवलंही होतं.

बाईंनी दोन दिवस पुस्तिका अक्षर न् अक्षर वाचली. "जुना शब्द द्या, नवा शब्द द्या. साधन तो सगळीकडे बदलेल." वाक्यं छोटी, अर्थ स्वच्छ. त्यांनी शंभरांपैकी शहाण्णव गुण दिले. चार गुण स्वल्पविरामांचे कापले.

आता एखाद्या खऱ्या कागदावर साधन चालवून बघायचं तेवढं राहिलं होतं. तेवढ्यात विभागप्रमुखच कागद घेऊन आले.

"बाई, मोठ्या साहेबांच्या निरोपाचं भाषण आहे. दुपारी वाचायचंय. यात मी सगळीकडे 'सर' लिहून बसलोय, त्याचं 'साहेब' करून द्या."

"सर चालत नाही त्यांना?"

"त्यांचे वडील मास्तर होते. सर म्हटलं की त्यांना अजून छडी आठवते."

बाईंनी मदतनीसाला सांगितलं, 'सर'च्या जागी 'साहेब' कर. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उत्तर आलं : बदल पूर्ण, एकूण सतरा ठिकाणी.

सतरा? दोन पानांच्या भाषणात सतरा वेळा सर? प्रमुखांनी लोणी जरा जास्तच लावलंय, असं मनाशी म्हणत बाईंनी पहिली ओळ बघितली. "आदरणीय साहेब," अगदी बरोबर. त्यांनी कागद छापून पाठवून दिला.

समोर जे लिहिलेलं असेल ते वाचायचं, ही प्रमुखांची वीस वर्षांची सवय. दुपारी सभागृहात ते उभे राहिले, चष्मा नाकावर ओढला आणि सुरू झाले.

"आदरणीय साहेब, तुमचा हसाहेबा चेहरा आम्ही कधीच विसाहेबणार नाही."

पहिल्या रांगेतल्या टंकलेखिकाबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. प्रमुखांचा गळा दाटून आलाय, असं त्यांना वाटलं. शेवटच्या रांगेत चाळणीबाई मात्र ताठ बसल्या. सतराचा हिशोब त्यांना आत्ता लागला होता.

"तुमच्यासारखा साहेबळ माणूस दुसाहेबा होणे नाही," प्रमुख पुढे वाचत होते. त्यांनी थांबून पाणी प्यायलं, कागद डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ धरला. कागद काही बदलला नाही. "तुमच्या काळात कामाचा व्याप पसाहेबला. साहेबासाहेबी रोज शंभर अर्ज..."

इथे सभागृहाचा धीर सुटला. आधी कोणीतरी खोकल्यात हसू लपवलं, मग कोणी लपवायच्या भानगडीत पडलं नाही. चाळणीबाई खुर्चीत जितक्या खाली सरकता येईल तितक्या सरकल्या.

मोठे साहेब मात्र शांतपणे ऐकत होते. भाषण संपल्यावर ते उठले आणि म्हणाले, "इतकी वर्षं मी भाषणं ऐकली. शेवटपर्यंत जागं ठेवणारं हे पहिलंच. तो कागद मला द्या, घरी लावतो."

प्रमुखांनी कागद दिला. मग शेवटच्या रांगेकडे एक नजर टाकली.

"बाई, लेखी खुलासा पाहिजे. परीक्षणही पुन्हा करा."

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. हसून झाल्यावर विचारलं, "मग चूक कोणाची, यंत्राची की पुस्तिकेची?"

"यंत्राने पुस्तिकेत लिहिलं होतं तेच केलं, आई. आणि त्या पुस्तिकेला मी शंभरात शहाण्णव दिले होते."

"म्हणजे चार गुणांपुरतं तरी तू सावध होतीस," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पुस्तिकेत तीन वाक्यं वाढवली. आधी शब्द कुठे कुठे आहे ते मोज. दुसऱ्या शब्दाच्या पोटात असेल तर सांग. माणसाला विचारल्याशिवाय हात लावू नकोस. नवी पुस्तिका मदतनीसाला वाचायला दिली आणि मग खुलासा लिहायला घेतला. झालेली चूक, माझी चूक, अक्षम्य चूक असं लिहीत लिहीत पान भरलं. शेवटी त्यांनी लिहिलं, यापुढे माझं काम अचूक असेल.

वाचून बघितल्यावर त्यांना ते फारच दीनवाणं वाटलं. त्यांनी मदतनीसाला सांगितलं, 'चूक' हा शब्द काढून तिथे काहीतरी सौम्य घाल.

या वेळी त्याने लगेच काही केलं नाही. आधी विचारलं : "हा शब्द आठ ठिकाणी आहे. त्यांपैकी सात चुका तुमच्या आहेत. आठवी 'अचूक'मध्ये आहे. तीही धरू का?"

बाईंनी त्याला सांगितलं, काहीच बदलू नकोस. मग त्यांनी खुलासा होता तसाच छापला आणि पुस्तिकेला शंभरपैकी शंभर दिले.