तुमच्याकडं ‘सोबत’ले काय म्हणतेत?

आमच्या धाकट्या मुलाच्या रिसेप्शनला लोक स्टेजवर चढत होते, आहेर देत होते, फोटो काढून उतरत होते. रामटेके भाऊजी चढले ते फोटोवाल्याकडं पाठ करूनच उभे राहिले. नव्या नवरीसमोर वाकले, खिशातून वही काढली आणि विचारलं, “बेटा, आप ओडिशा की हो ना? आपके में ‘के साथ’ को क्या बोलते?”

ती बिचारी तीन तासांपासून हसून हसून थकलेली. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, म्हटलं सांगून टाक बाई, नाहीतर मागची लाइन जेवायला जात नाही.

“सांगरे,” ती म्हणाली.

भाऊजींनी लिहिलं, पुन्हा वाचून दाखवलं, बरोबर आहे का ते तपासून घेतलं. खाली उतरल्यावर आहेर आठवला, तो माझ्या हातात कोंबला आणि म्हणाले, “वहिनी, सून चांगली हाय तुमची. शब्द स्पष्ट बोलते.”

दुसऱ्या दिवशी सून मला हळूच विचारते, “मम्मीजी, वो अंकल कौन थे?” आता काय सांगावं? भिलाईत अर्धा हिंदुस्थान राहतो, पण असा नमुना एकच.

रामटेके भाऊजींचं घर भिलाईच्या कोहका वस्तीत, आमच्या समोरच. नात्याचे नाहीत. आमचे हे आणि ते एकाच पोलादाच्या प्लांटात होते, दोघांची गावं भंडाऱ्याकडची, सकाळी जयभीम आणि संध्याकाळी चहा, एवढंच. त्यांची बायको, प्रमिलाबाई, जाऊन आता बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही.

भाऊजींची नोकरी गॅसच्या बाजूची. भट्टीच्या मोठाल्या पाइपांतून जो गॅस वाहतो ना, त्याला वास नाही, रंग नाही. माणूस उभ्या-उभ्या खाली बसतो आणि त्यालाच पत्ता नसतो. म्हणून तिथला पहिला नियम, एकट्यानं जायचं नाही. दोघांनी जायचं. हा नियम सांगता सांगता भाऊजींची सगळी नोकरी गेली. आणि सांगायचा कोणाला? एकेका गँगमध्ये तेलुगू, मलयाळी, सरदारजी, बंगाली, आपले विदर्भातले आणि आजूबाजूच्या गावचे छत्तीसगढी. हिंदी येते सगळ्यांना. पण भाऊजींचं म्हणणं, माणसाला दरडावायचं तर हिंदी पुरते, त्याच्या डोक्यात बसवायचं तर त्याच्या आईची बोली लागते. म्हणून ‘सोबत’ हा एक शब्द ते ज्याच्या त्याच्या भाषेत शिकले. पंजाब्याला ‘नाल’, मलयाळ्याला ‘कूडे’, बंगाल्याला ‘शोंगे’, छत्तीसगढीला ‘संग’.

रिटायर झाले तेव्हा पाइप तिकडंच राहिले, शब्द घरी आले. आणि घरी आल्यावर वाढायला लागले.

मोबाइलवर पाहिलेला शब्द त्यांना चालत नाही. माणसाच्या तोंडूनच पाहिजे. कोणाचा मुलगा परदेशात गेला की भाऊजी त्याच्या आईबापाआधी खूश. व्हिडिओ कॉलमध्ये मध्येच तोंड घालणार, “अरे बापू, बाजूच्या गोऱ्याले बलाव ना जरा.” लोन पाहिजे का म्हणून फोन करणाऱ्या पोरी असतात ना, आपण त्यांना तोडून टाकतो. भाऊजी त्यांना दहा-दहा मिनिटं धरून ठेवतात. “लोन रहने दो बेटा, पहले ये बताओ, आप कहाँ की हो?” एकदा एका पोरीनं कंटाळून स्वतःच फोन ठेवला. भाऊजी हळहळले. म्हणाले, “मणिपूरची होती. हातची गेली.”

एकदा सकाळी सकाळी ते तेलुगू रावांच्या घरी धावत गेले. मी आंगणातच होते, सगळं ऐकलं.

“रावसाब, आपके तेलुगू में ‘तो’ बोलते ना? जपानी में भी ‘तो’ ही बोलते.”

“तो?”

“तो मतलब आपके रिश्तेदार हैं जपान में.”

राव दात घासत होते. त्यांनी शांतपणे चूळ भरली. “होंगे,” म्हणाले. “शादी-ब्याह में तो कभी बुलाया नहीं.”

शब्द मिळाला की भाऊजी त्याच्यावर विचार करत बसतात, आणि विचार झाला की आमच्याकडं येतात. “इंग्रजाचं मले काई समजत नाही, वहिनी. तो दोस्तासोबत जेवते तरी ‘विथ’, आन चमच्यानं जेवते तरी ‘विथ’. माणूस आन चमचा एकाच दावणीले.” रशियनवर मात्र त्यांचा जीव. रशियाचा माणूस चमच्यासाठी हा शब्द वापरत नाही, माणसासाठीच राखून ठेवतो. आणि शब्द तरी केवढा, नुसता ‘स’. “तोंड उघडाच्या आत सोबत,” भाऊजी म्हणतात.

हंगेरी नावाच्या देशातला शब्द मिळाला तेव्हा तर त्यांना चहाचंही भान राहिलं नाही. तिकडं म्हणे हा शब्द माणसाच्या नावाला मागून चिकटतो, आणि नावाचं शेवटचं अक्षर जसं असेल तसं आपलं पहिलं अक्षर बदलून घेतो.

“म्हणजे पाहा वहिनी, ज्याच्यासोबत गेला त्याच्यासारखा झाला.”

“आमच्याकडं नाही तशी पद्धत,” मी पेपर वाचणाऱ्या ह्यांच्याकडं बोट दाखवलं. “पंचेचाळीस वर्षं झाली, एक अक्षर नाही बदललं.”

“तुमी बदलल्या का?” हे पेपराआडून म्हणाले.

भाऊजींनी दोघांकडं पाहिलं आणि चहा संपवला.

आफ्रिकेतली एक भाषा आहे, स्वाहिली. ती सांगताना ते जरा हळू बोलत होते. “तेथं ‘माह्याजवळ घर हाय’ असं नाही म्हणत. ‘मी घरासोबत हाओ’ असं म्हणतेत.” आणि मग समोरच्या आपल्या घराकडं पाहत राहिले. दाराला कुलूप होतं. मी म्हटलं, भाऊजी, पोहे टाकू का?

आता माझी एक चूक कबूल करते. एका दुपारी मला मस्ती सुचली. मी म्हटलं, भाऊजी, टीव्हीवर एक बेट दाखवलं, तिंबोरा नावाचं. तिथं सोबतला ‘घुडुपा’ म्हणतात. त्यांनी लगेच लिहून घेतलं. तीन दिवसांनी आले ते चेहरा गंभीर करून. शाळेतल्या भूगोलाच्या मास्तरला विचारून आले होते, नकाशे पाहून आले होते, तिंबोरा कुठंच नाही. मी म्हटलं, सापडले मी. तर म्हणतात, “बेट लय लहान असंन, वहिनी. नकाशात नाही मावलं. पण तेथल्या लोकाइले कोणीतरी लिहून ठेवाले पाहिजे ना.”

मला खरं सांगता आलं नाही. जगात कुठंच नसलेली ती भाषा कोहक्यात अजून जिवंत आहे.

शब्द तर शब्द, वर सवयही तीच. गल्लीत कोणी एकटं निघालं की भाऊजी चपला घालतात. दुधाला, बँकेत, रेशनला. “एकलं नोको जाऊ, मी येतो.” बाजूच्या साहूबाई एकदा भावाशी भांडायला जामुलला माहेरी निघाल्या, तर हे त्यांच्या मागोमाग बसमध्ये. “मंय मइके जावत हंव भइया, तंय का करबे?” त्यांनी विचारलं. भाऊजी म्हणाले, “मैं बाहर बैठूंगा.” बाहेर बसले, सगळं भांडण ऐकलं, आणि येताना साहूबाईंच्या भावानं दिलेला लाल भोपळा खांद्यावर घेऊन आले.

पण हळूहळू कोण कोणाला पोचवतं तेच कळेनासं झालं. भाऊजींचा एक डोळा लहानपणीच विटी लागून गेलेला. सगळा कारभार उरलेल्या एका डोळ्यावर, आणि त्यातच मोतीबिंदू. वहीतली अक्षरं मोठी मोठी होत चालली, एका पानावर दोनच शब्द मावायला लागले. एक दिवस त्यांनी आमच्या गेटपाशी बसलेल्या गाईला जयभीम केला. दुर्गमधल्या पद्मनाभपूरच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, आता लांबवाल तर हाही डोळा हातचा जाईल.

ऑपरेशनची तारीख मिळाली. भाऊजी गेले आणि तसेच परत आले. म्हणाले, डॉक्टर लग्नाले गेले. दुसरी तारीख मिळाली. पुन्हा परत. म्हणाले, लाइट नव्हती.

त्याच महिन्यात मी माझ्या चष्म्याचा नंबर काढायला तिथंच गेले. काउंटरवरची पोरगी माझा पत्ता लिहिता लिहिता थांबली. “आंटी, कोहका? वो ‘के साथ’ पूछने वाले अंकल आपकी तरफ के हैं क्या?”

“हाँ, क्या हुआ?”

“दो बार वापस भेजना पड़ा. एक ही आँख है, उस पर पट्टी बंधेगी, अकेले घर कैसे जाएँगे? हमने बोला किसी को साथ लेकर आइए. बोले, लाता हूँ. फिर नर्स दीदी से मलयालम का शब्द पक्का किया और चले गए.”

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे भडकलेच. “मले सांगाले काय झालं होतं त्याले? मी गेलो नसतो का?”

“तुम्ही गेला असता. त्यांनी सांगितलं नसतं.”

मी तरी एकदा सरळ विचारून पाहिलं. भाऊजी, आता तारीख घ्या, मी येते. तर दोन्ही हात हलवत मागं सरकले. “नाही नाही वहिनी, तुमचे गुडघे दुखतेत. कायले तरास. मी पाहतो ना.” सगळ्या दुनियेच्या भाषेत ‘मी सोबत येतो’ म्हणणारा माणूस. ‘माह्यासोबत चला’ हे त्याला घरच्या मराठीतही म्हणता येईना. जन्मात कधी म्हटलंच नव्हतं ते वाक्य.

मग मी काउंटरवरच्या पोरीला फोन केला. तीही माझ्याच जातकुळीची निघाली, लबाड. आमचं दोघींचं ठरलं.

बुधवारी संध्याकाळी मी आंगणात उभी राहून मोठ्यानं म्हटलं, “उद्या माह्या डोळ्याचं ऑपरेशन हाय, भाऊजी. हे तं भंडाऱ्याले जाऊन राहिले. मी जाते आपली एकली.”

“एकली?” भाऊजी ताडकन उठले. “एकली कावून? मी काय मेलो का?”

“याचं असंन तं बीपीची गोळी खाऊन या. मले तुमची काळजी नको तेथं.”

सकाळी सातला ते दारात हजर. इस्त्रीचा शर्ट, पाण्याची बाटली, माझ्यासाठी बिस्किटाचा पुडा. हे आतल्या खोलीत श्वास रोखून बसले होते, त्यांना शिंक आली ती त्यांनी उशीत दिली. ऑटोत दुर्गपर्यंत भाऊजी मला धीर देत होते. “काई नाही होत, वहिनी. आधी थेंब टाकतेत, डोळा सुन्न होते. मंग वरून एक लाइट येते, तिच्याकडं पाहत राहाचं. दुखत नाही. दाबल्यासारखं वाटते तेवढंच. घाबराचं नाही.”

“तुम्हाला बरं सगळं पाठ आहे.”

“विचारून ठेवलं होतं,” ते म्हणाले, आणि रस्त्याकडं पाहायला लागले.

दवाखान्यात आम्ही बसलो. पोरीनं हाक मारली, “रामटेके जी, आइए, ड्रॉप डालना है.”

“मेरा नहीं, मैडम का है,” भाऊजी बसूनच म्हणाले. “मैं साथ में हूँ.”

“पेशंट आप हैं, अंकल. साथ में ये हैं.”

भाऊजींनी माझ्याकडं मान वळवली. त्यांना मी किती दिसत होते कोण जाणे.

“हे बरोबर नाही केलं तुमी, वहिनी.”

“नाही केलं.”

“खोटं बोलल्या.”

“बोलले.”

“भाऊ भंडाऱ्याले नाही गेले?”

“उशीत शिंकून राहिले असतील.”

मला वाटलं, आता उठून जातील. उठले खरे. पण फाटकाकडं गेले नाहीत. नर्स कागद घेऊन आली, सोबतच्या माणसाचं नाव लिहिलं आणि विचारलं, “रिलेशन?” मी विचार करत होते तोच भाऊजी म्हणाले, “घर के सामने रहती हैं.”

“वो रिलेशन नहीं होता, अंकल.”

“होता है,” भाऊजी म्हणाले. नर्सनं काहीतरी लिहिलं.

त्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. घराची किल्ली दिली. चष्मा दिला. डोक्याला हिरवी टोपी घातली तर चेहरा एवढासा झाला. नर्सनं हात धरून दारापर्यंत नेलं आणि मला म्हणाली, साथवाले यहीं बैठेंगे. दारात भाऊजी थांबले. वळले, पण चुकून दुसऱ्याच खुर्चीकडं पाहत बोलले.

“वहिनी, तुमी इथंच बसान ना?”

“इथंच हाओ.”

“नाही, म्हणजे चहागिहाले गेल्या तं...”

“नाही जात, भाऊजी.”

दार लागलं.

पंधरा मिनिटांचं काम म्हणाले होते, तास झाला. मला शुगर आहे. सकाळी घरून निघाल्यापासून बाथरूमला गेले नव्हते, आणि बाथरूम समोरच, दहा पावलांवर. शेजारच्या बाईनं माझी चुळबुळ पाहिली. “जाइए ना,” म्हणाली, “मैं देखती हूँ.” मी म्हटलं, नहीं. भाऊजी डोळ्यावर पट्टी बांधून येणार होते, मी खुर्चीत आहे की नाही ते त्यांना दिसणारही नव्हतं. तरी मी पायावर पाय घट्ट दाबला आणि दाराकडं पाहत बसून राहिले.