दोन फळ्यांचा अर्ज

भोईर भाऊसाहेब प्रत्येक अर्ज उभे राहून वाचत, आणि तोही मोठ्याने. खिडकीवर कागद आला की ते खुर्ची मागे सारत, कपाळावरचा चष्मा नाकावर आणत आणि ‘महोदय’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंतचा सगळा मजकूर ज्याचा त्यालाच वाचून दाखवत. शेवटी ठरलेला प्रश्न : “हेच म्हणायचंय ना तुला?”

कर्जत-खालापूर भागातल्या एका सरकारी कार्यालयात मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत असे. कार्यालयाचे नाव मुद्दाम सांगत नाही. सुरुवातीला मला या जाहीर वाचनाचा संकोच वाटे. भाऊसाहेबांचे म्हणणे असे की, अर्ज बाहेरचा लेखनिक लिहितो, अंगठा अर्जदार उठवतो, आणि आपल्या नावाने सरकारला काय कळवले गेले हे त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत समजत नाही. खरोखरच, निम्म्या वेळा समोरचा माणूस दचकून म्हणे, “नाय नाय, तसं नाय!” मग भाऊसाहेब समासात शाईने दुरुस्ती करत आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचत.

संगणकाशी त्यांचे वैर होते, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. संगणक ते माझ्याआधी शिकले. जेवणाच्या सुट्टीत त्याच्यावर पंचा टाकून “घ्या, तुमीपण टेका जरा” असे आदराने म्हणत.

मग नवे साहेब आले. तरुण, हुशार, बोलायला अतिशय मृदू. त्यांनी भिंतीवर मोठा पडदा लावला. त्यावर आम्हा प्रत्येकाचे नाव आणि नावापुढे हिरवा किंवा लाल ठिपका. अर्ज आता सुविधा केंद्रातून थेट संगणकावर येत. आम्ही ते योग्य त्या खात्याकडे ढकलायचे. ढकलला की ‘निकाली’. भाऊसाहेबांचा ठिपका कायम लाल.

“भोईर, तुमच्याकडे एका अर्जाला अकरा मिनिटं लागतात,” साहेब म्हणाले.

“अर्जाला नाय लागत, साहेब. माणसाला लागतात.”

अशातच भिवपुरीच्या मागच्या डोंगराखालच्या एका वाडीतून सोमीबाई आली. तिच्या हातात केंद्राची छापील पावती होती. भाऊसाहेब उठले आणि संगणकाच्या पडद्यावरून वाचू लागले, “विषय : ओढ्यावर नवीन पूल बांधून मिळणेबाबत.”

“पूल?” सोमीबाई म्हणाली. “कुनाला पाह्यजे पूल?”

“तूच मागितलास, सोमीबाय.”

“मी कशाला मागू रं भाऊ? ओढ्यावर पायी जायचा लाकडाचा साकव हाय आमचा. त्याच्या दोन फळ्या मोडल्यात. नातीचा पाय आत गेला. शाळंची वाट तीच हाय. फळ्या द्या, आमी बसवतो.”

उलगडा सोपा होता. केंद्राच्या यादीत साकव हा शब्दच नव्हता, म्हणून भरणाऱ्याने त्यातल्या त्यात जवळचा ‘नवीन पूल’ निवडला. अर्ज पुलांच्या खात्यात गेला, तिथून ‘निधी उपलब्ध नाही’ असा शेरा आला, आणि आमच्या भिंतीवर तो ढकलणाऱ्याच्या नावापुढे हिरवा ठिपका उमटला. नातीचा पाय अजून सुजलेलाच होता.

भाऊसाहेबांनी पडदा वरपासून खालपर्यंत न्याहाळला. “यात समास कुठाय हो?” त्यांनी मला विचारले. समास नव्हता. तेव्हा त्यांनी अर्ज साध्या कागदावर नव्याने लिहिला, तिला वाचून दाखवला आणि संगणकात घातला. सोमीबाईकडे फोन नसल्याने त्यावर स्वतःचा नंबर दिला. तिसऱ्या दिवशी तोही निकाली निघाला : ‘विषय यादीत नाही.’

त्याच आठवड्यात वरिष्ठांची ऑनलाइन बैठक झाली. शंभर टक्के निपटाऱ्याबद्दल साहेबांचे कौतुक चालले असताना मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“भोईर, बसा.”

“बसून वाचता येत नाय, साहेब.”

त्यांनी सोमीबाईचा अर्ज वाचायला घेतला. साहेबांनी मृदूपणे आमच्याकडचा आवाज बंद केला. वरिष्ठांना फक्त हलणारे ओठ दिसले असतील. तरी भाऊसाहेबांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि मुक्या पडद्याला विचारले, “हेच म्हणायचंय तिला. कळलं ना?” सगळ्यांनी आपापल्या फायलींत डोकी घातली. मीही मान खाली घालून पेनाचे टोपण उघडझाप करीत होतो. दुसऱ्या दिवशी त्यांची रवानगी जुन्या दप्तरांच्या खोलीत झाली. भिंत पूर्ण हिरवी झाली. दोन फळ्यांचे उत्तर ज्या यंत्रणेला देता येत नाही, तिने शंभर टक्क्यांचा डंका पिटावा, याची चीड मला आजही येते. आणि त्या टोपणाचीही.

पुढे ते रजेवर असताना काही कागदांवर त्यांच्या सह्या घ्यायला मी त्यांच्या गावी गेलो. ओटीवर आढ्याला झोपाळ्याच्या चार कड्या नुसत्याच लोंबत होत्या. तो झोपाळा माझ्या ओळखीचा. वहिनी हयात असताना एका टोकाला त्या बसत आणि भाऊसाहेब उभ्याने त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवून मग दुसऱ्या टोकाला टेकत.

“सागाच्या दोन फळ्या होत्या,” माझी नजर ओळखून ते म्हणाले. “साकवावर बसल्या बरोबर. इथं एकट्यानं बसलं की झोपाळा एका बाजूला कलायचा. मधे बसायची मला सवय नाय.”

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. सोमीबाईच्या अर्जाचा संदेश होता. “परवापासून हाच येतोय,” ते म्हणाले. ते उठले, चष्मा नाकावर आणला. “आपला अर्ज निकाली काढण्यात आला आहे. आपण समाधानी आहात का? होय असल्यास एक, नाही असल्यास दोन दाबा.”

“साकव तर झाला,” मी पुटपुटलो. “एक दाबून टाका.”

“काल तिला विचारून आलोय मी. ती म्हणली, फळ्या तू दिल्यास, सरकारनं नाय.” त्यांनी दोन दाबले. फोनने कारण विचारले. एका बोटाने बराच वेळ टाइप करून त्यांनी ते मोठ्याने वाचले : “साकवाच्या दोन फळ्या मागितल्या होत्या. अजून दिलेल्या नाहीत. अर्ज उघडा ठेवावा.”

मग सवयीने त्यांची मान त्या कड्यांकडे वळली. तिथून ती माझ्याकडे आली.

“हेच म्हणायचंय ना मला?”

मी उभा राहिलो. “हो, भाऊसाहेब,” मी म्हणालो, आणि मोठ्याने म्हणालो. “हेच.”