किटचं सतरावं पान

बायकोला भेट काय द्यावी याचा ग्रंथपालांनी तीन महिने विचार केला आणि शेवटी तिच्याच गाडीत मेकॅनिककडून एक बॅटरी बसवून घेतली.

बायको फिजिओथेरपिस्ट. हॉस्पिटलची नोकरी सोडून तिनं नुकतंच घरोघरी जाऊन रुग्णांकडून व्यायाम करून घ्यायचं काम सुरू केलं होतं. गाडी जुनी हायब्रिड, म्हणजे थोडी पेट्रोलवर आणि थोडी बॅटरीवर चालणारी. पण ती बॅटरी चालता चालता जेवढी भरेल तेवढीच. भिंतीतल्या प्लगला लावून गाडी चार्ज करायची सोय ती बनवणाऱ्यांनी ठेवलीच नव्हती. ती सोय बाहेरून करून देणारं एक किट एका छोट्या कंपनीनं काढलं होतं. डिकीत एक जादा मोठी बॅटरी, मागच्या बंपरला सॉकेट आणि मधे एक काळी पेटी. गाडी मोबाइलसारखी चार्जिंगला लावायची आणि दिवसभर पेट्रोलचा थेंबही न जाळता फिरायचं.

"सरप्राइज!" शनिवारी संध्याकाळी डिकी उघडून ग्रंथपाल म्हणाले.

"अय्या! पण मग माझे पट्टे, चेंडू, वॉकर कुठे ठेवू?"

"मागच्या सीटवर."

"बरं." तिनं बॅटरीवरून हात फिरवला. तिला मनापासून आनंद झाला होता. "उद्या रविवार. सोमवारपासून हिला पळवते."

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. रविवारी दुपारी ग्रंथपाल किटची माहितीपुस्तिका वाचायला बसले आणि घात झाला.

छापलेलं काहीही हातात आलं की पहिल्या अक्षरापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायचं, ही त्यांची तीस वर्षांची सवय. पुस्तिका एकाच बाजूला छापलेली होती. सोळाव्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं, ‘किट बसवल्यावर मालकाने कोणत्याही परिस्थितीत’. त्यांनी पान उलटलं. पुढचं पान अठरावं होतं. त्याची पहिली ओळ होती, ‘कारण तसे केल्यास बॅटरी कायमची निकामी होते.’

ग्रंथपालांनी चष्मा पुसला. पुस्तिका उजेडात धरून शिवण तपासली. पान फाटलेलं नव्हतं. फाटलं असतं तर शिवणीशी कागदाची कड राहिली असती. सतरावं पान बांधणीत आलेलंच नव्हतं.

"अगं, ऐकलंस का? एक गोष्ट आहे जी आपण कोणत्याही परिस्थितीत करायची नाहीये."

"कोणती?"

"तेच तर माहीत नाही!"

सोमवारी सकाळी बायको किल्ली घेऊन निघाली तर काचेवर ग्रंथालयाच्या लेबलावर सुबक अक्षरात सूचना डकवलेली: ‘पान मिळेपर्यंत हलवू नये.’

"अहो, नऊ वाजता पेशंट आहे माझा!"

"चार दिवसांचा प्रश्न आहे. तुझ्या भेटीची बॅटरी पहिल्याच दिवशी कायमची गेली तर मला आयुष्यभर चुटपुट लागून राहील गं."

त्यांचा चेहरा इतका कळवळलेला होता की ती खांद्यावर पट्टे आणि काखेत चेंडू घेऊन बस स्टॉपकडे गेली.

ग्रंथपालांनी कंपनीला फोन लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एका गोड आवाजानं सांगितलं. मग ते किट बसवणाऱ्या मेकॅनिककडे गेले. तो एका मोटारीखाली आडवा होता, तिथूनच बोलला.

"कंपनी बंद पडली साहेब. तुमचं शेवटचं किट. अकरावं."

"मग सतराव्या पानावर काय होतं?"

"मी पंधराव्यापर्यंतच वाचलं. बसवायचं तिथं संपतं."

"किट बंद करायचं बटण आहे ना? ते दाबून ठेवू का?"

"दाबा की."

"आणि बटण दाबायचं नाही, असंच त्या पानावर असलं तर?"

मेकॅनिक मोटारीखालून बाहेर आला आणि उठून बसला. हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. "मग काढूनच टाकू किट."

"काढायची कृती विसाव्या पानावर आहे. सतरावं न वाचता विसाव्यावर कसं जायचं?"

"हे काही मला झेपत नाही साहेब," असं म्हणून मेकॅनिक पुन्हा मोटारीखाली गेला.

मेकॅनिककडून बाकीच्या किटवाल्यांचे नंबर मात्र मिळाले. ग्रंथपालांनी सगळ्यांना एकच निरोप पाठवला: ‘आपल्याकडे सतरावे पान आहे काय?’ तासाभरात सगळ्यांची उत्तरं आली. एकाकडेही ते पान नव्हतं आणि प्रत्येकानं उलट विचारलं होतं, ‘तुमच्याकडे आहे?’

पण प्रत्येकानं आपापल्या परीनं ते पान ओळखलं होतं. बेकरीवाल्या बाई तीन वर्षं रोज गाडीतून पाव पोचवत होत्या, फक्त हॉर्न म्हणून वाजवत नव्हत्या. संगीतशिक्षक गाडीत दिवा आणि रेडिओ एकदम लावत नव्हते. दातांचे डॉक्टर तर फार पुढे गेले होते.

"मी आधी रिव्हर्स सोडला," ते फोनवर म्हणाले. "मग चढ सोडला. मग पावसात काढायची बंद केली. आता दोन महिने झाले, गाडी पोर्चमध्ये आहे. अगदी सुरक्षित!"

ग्रंथपालांनी या सगळ्या सूचना विषयवार लावल्या. एकंदर तेवीस झाल्या. त्या सगळ्या पाळूनही बायकोला गाडी वापरता येईल अशी त्यांना आशा होती. मंगळवारी यादी घेऊन ते पार्किंगमध्ये उतरले आणि पाहतात तो काय, गाडीचं तोंड भिंतीकडे. रिव्हर्स घेतल्याशिवाय ती बाहेर निघणंच शक्य नव्हतं.

"आपण ढकलून काढू," त्यांनी सुचवलं.

"मी माणसं चालवते, गाड्या नाही ढकलत," बायको म्हणाली आणि बस स्टॉपकडे गेली. तिच्या आवाजात आता कडवटपणा यायला लागला होता.

गुरुवारी ती घरी आली ती सरळ चप्पल न काढताच खुर्चीत बसली. दुसऱ्यांचे गुडघे बरे करता करता तिचे स्वतःचे बोलायला लागले होते.

"हे बघा," ती म्हणाली, "शिंपीकाका माहीत आहेत ना? दुसऱ्या मजल्यावरचे? आजारपणानंतर सात महिने खाली उतरलेले नाहीत. उद्या सकाळी दहाला जिना उतरणार आहेत. रडत होते हो ते, नको म्हणत होते. तेव्हा मी शब्द दिलाय, खाली आलात की तुम्हाला माझ्या गाडीतून चक्कर मारून आणते. त्यांनी त्यासाठी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय. आता त्यांना काय सांगू? सतरावं पान हरवलंय म्हणून?"

हिला गाडीची मजा यावी म्हणून घेतलेली भेट, आणि हिच्याकडची गाडीच गेली! ग्रंथपालांना स्वतःचाच राग आला.

"दहाच्या आत पान आणतो," ते म्हणाले. "माझाही शब्द."

शुक्रवारी रजा टाकून ते पुस्तिकेवरच्या पत्त्यावर पोचले तेव्हा साडेनऊ झाले होते. तिथं गाद्यांचं दुकान होतं. छतापर्यंत गाद्या रचलेल्या आणि सगळ्यांत खालच्या गादीवर एक सडपातळ गृहस्थ मांडी घालून पेपर वाचत बसलेले.

"इथं गाडीच्या किटची कंपनी होती ना?"

गृहस्थांनी पेपर खाली ठेवला. "होती. मीच ती." मग घाईघाईनं उठून त्यांनी ग्रंथपालांचे दोन्ही हात धरले. "तक्रार घेऊन आलात? बॅटरी गेली का तुमची? बसा, बसा! काय केलंत तुम्ही नेमकं?"

"मी काहीच केलेलं नाही. मला सतरावं पान हवंय."

गादीवाल्यांचा चेहरा पडला. "म्हणजे तुम्हीही काही केलं नाहीत?"

हळूहळू सगळा उलगडा झाला. किट तयार करणारा इंजिनिअर हुशार होता. एक गोष्ट केली तर बॅटरी मरते हे त्याला कळलं होतं, पण नीट तपासून मगच लिहीन म्हणाला. छापखान्याला घाई होती. पान मागाहून चिकटवू असं ठरलं. तेवढ्यात इंजिनिअरला एका मोठ्या मोटार कंपनीनं नेलं.

"मला वाटलं, अकरा गाड्या गेल्यात, कुणाच्या तरी हातून ते होईलच. तो भांडायला येईल, मग मला कळेल. म्हणून तर दुकान याच जागेवर ठेवलंय. गाद्या आपल्या निमित्ताला. पण आजवर एक माणूस फिरकला नाही हो!"

"आणि किटचं पुढे काय?" ग्रंथपालांना राहवेना.

"कुणास ठाऊक. सकाळी वाटतं, आता प्लगच्या गाड्या कारखान्यातूनच निघतात, आपलं किट कोण घेणार? दुपारी वाटतं, जुन्या हायब्रिड गाड्या रस्त्यावर ढिगानं आहेत, त्या सगळ्यांना आपणच हवे. दुपारी मी जेवलेला असतो, त्यामुळे त्यावरही फार विश्वास ठेवत नाही. या, तुम्हाला पहिलं किट दाखवतो."

दुकानामागच्या अंगणात ताडपत्रीखाली एक गाडी होती. गादीवाल्यांनी ताडपत्री अलगद काढली. गाडी नव्यासारखी चकचकीत होती.

"भीतीपोटी कधी बाहेरच काढली नाही. एक ओरखडा दाखवा!" असं म्हणत त्यांनी आत बसून बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. एक दिवासुद्धा लागला नाही.

"अहो, ही तर गेली!" गादीवाले कुजबुजले. "पण मी काहीच केलं नव्हतं!"

ग्रंथपाल त्या मेलेल्या गाडीकडे बघत राहिले. यादी लावायची सवय अशा वेळी कामाला येते. त्यांनी खिशातून फोन काढला आणि आधी बेकरीवाल्या बाईंना विचारलं.

"झकास चालतेय की," बाई म्हणाल्या. "तीन वर्षांत एक दिवस खाडा नाही. पाव शिळा करून चालेल का?"

मग दातांच्या डॉक्टरांना. "जरा पोर्चमध्ये जाऊन गाडी चालू करून बघता?" पलीकडे चपला वाजल्या, दार उघडल्याचा आवाज आला. मग डॉक्टरांचा आवाज, भूल उतरत असल्यासारखा: "नाही होत हो चालू."

"तुमचे ते इंजिनिअर," ग्रंथपालांनी गादीवाल्यांना विचारलं, "जाताना काही म्हणाले होते?"

"काही खास नाही. ‘गिऱ्हाइकांना सांगा, घेऊन नुसती ठेवून देऊ नका,’ एवढंच. सगळेच दुकानदार सांगतात तसं. आणि किती दिवस ते तपासायचं राहिलं, असं काहीतरी..." बोलता बोलता गादीवाले थांबले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

‘मालकाने कोणत्याही परिस्थितीत गाडी उभी ठेवू नये.’ सगळे ज्या एका गोष्टीला भीत होते, तीच गोष्ट त्यातले काही जण जपून, काळजीपूर्वक करत आले होते. आणि घरी भिंतीकडे तोंड करून बायकोची गाडी सहा दिवस उभी होती!

ग्रंथपालांनी बायकोच्या मोबाइलवर फोन लावला. पावणेअकरा झाले होते.

"अगं, गाडी कुठे आहे?"

"पार्किंगमध्येच आहे," बायको साळसूदपणे म्हणाली. "तुमची चिठ्ठी आहे ना तिच्यावर. मी कशाला हात लावतेय?"

"अगं घात झाला! ताबडतोब बाहेर काढ तिला! रिव्हर्स घे, हॉर्न वाजव, काय वाटेल ते कर, पण चालव!"

फोनवर बायकोच्या मागून एका म्हाताऱ्या माणसाचा खुशीतला आवाज आला, "बाई, त्या चढावरून अजून एकदा न्या की!"

"अहो," बायको म्हणाली, "मी चालवतेच आहे."

"रिव्हर्स घेतलास?"

"मग काय भिंतीतून जाणार होते? काका सव्वीस पायऱ्या उतरले हो! एकदाही थांबले नाहीत. त्यांच्यासमोर तुमची चिठ्ठी वाचत बसू? फाडली मी ती. रागवायचं तर रागवा."

ग्रंथपाल अंगणातल्या पायरीवर बसले. डोळे पुसायला त्यांना चष्मा काढावा लागला. "रागवत नाही गं. आणि बॅटरी?"

"छान आहे. इंजिनाचा आवाजसुद्धा नाही. काका म्हणतात, शिलाई मशीन याहून जास्त ओरडतं. पण तुम्हाला पान मिळालं का? काय होतं त्यावर?"

"गाडी उभी ठेवायची नाही. न हलवता ठेवली की कायमची निकामी होते."

यावर ती इतकी हसली की तिला गाडी बाजूला घ्यावी लागली.

"अहो, हे मी दिवसातून दहा वेळा दहा लोकांना सांगते! गुडघा असो, खांदा असो, ठेवून दिला की गेला. सोमवारी कंपनीला शोधलंत, मेकॅनिकला शोधलंत, दहा अनोळखी माणसांना विचारलंत. घरात मला विचारायचं नाही सुचलं?"

गादीवाले एव्हाना पेन्सिल आणि कागद घेऊन ग्रंथपालांच्या शेजारी येऊन बसले होते.

"बाईंना विचारा ना," ते अधीर होऊन म्हणाले, "किती दिवस उभी ठेवली तर चालेल? तेवढं कळलं की पान छापून सगळ्यांना पाठवतो. पुढे किट विकली जावोत न जावोत, पुस्तिका तरी पुरी होईल."

ग्रंथपालांनी विचारलं.

"माझ्या पेशंटला मी एकही दिवस व्यायाम चुकवू देत नाही," बायको म्हणाली. "रविवारसुद्धा नाही. असंच लिहा त्यांना."

गादीवाल्यांनी तसंच लिहून घेतलं आणि तसंच छापलंही. ग्रंथपालांनी लगेच हिशेब मांडला. बायकोला सुट्टी रविवारचीच, म्हणजे त्या दिवशी गाडी त्यांनाच काढावी लागणार होती. गेली चौदा वर्षं त्यांनी स्टीअरिंगला हात लावलेला नव्हता. फोन ठेवण्याआधी शिंपीकाकांनीही आपला निरोप दिला: रविवारी सकाळी दहाला ते इस्त्रीचा शर्ट घालून खाली येऊन उभे राहणार होते, आणि साहेबांनी उशीर करू नये.