गुहेचं फाटक

आपलं कुलूप किल्लीशिवाय कुणी उघडून दाखवावं, दुकान त्याच्या नावावर करून देतो, असं कुलूपवाले येईल-जाईल त्याला ऐकवत. दुकान अजून आपल्याच नावावर आहे, यावरून काय ते समजा, अशी पुस्तीही जोडत.

त्यांच्या बायकोचा जीव मात्र वटवाघळांत अडकलेला. बाई शाळेत विज्ञान शिकवत. गावाबाहेरच्या टेकडीत एक गुहा होती. उन्हाळा आला की तिच्या छताला वटवाघळांच्या माद्या पिलांसकट दाटीवाटीने लटकत, आणि त्यांना कुणी त्रास देऊ नये म्हणून बाई वर्षानुवर्षं गावाशी भांडत. लोक आत शेकोट्या पेटवत, भिंतींवर नावं कोरत. आता तर पर्यटन खात्याच्या साहेबांनी गुहेत रंगीत दिवे, गाणी आणि नाचायला गुळगुळीत फरशी अशी योजनाच आखली होती. बाईंनी साहेबांच्या कचेरीत ठिय्या दिला, तेव्हा कुठे ते एका अटीवर कबूल झाले. गुहेच्या तोंडाला असं फाटक बसवा की वटवाघूळ जाईल पण माणूस जाणार नाही. ते कुणालाच फोडता येत नाही अशी माझी खात्री पटली, तर दिवे रद्द.

कुलूपवाल्यांनी जीव ओतून फाटक केलं. आडवे जाड गज, मध्ये पंख पसरून निघण्याइतकी फट, आणि आपोआप बसणारं खटक्याचं कुलूप. खरं तर वटवाघूळ म्हटलं की त्यांचीच पाचावर धारण बसायची. पण बायको प्रथमच आपल्या कुलपाकडे कौतुकाने बघतेय म्हटल्यावर माणूस काय काय करत नाही!

पाहणीच्या दिवशी बाईंना शाळेत परीक्षेचं काम होतं. दुपार कलल्यावर साहेब जीपमधून आले. ड्रायव्हर जीपमध्येच घोरू लागला. कुलूपवाल्यांनी स्कूटर झाडाखाली लावली, फाटक उघडलं, किल्ली पिशवीत टाकली, पिशवी स्कूटरला अडकवली आणि साहेबांना घेऊन आत शिरले.

"नुसतं ओढायचं," ते म्हणाले, "की बसलंच."

ओढलं. बसलं.

साहेबांनी मान डोलावली आणि आता उघडा म्हणाले. कुलूपवाल्यांनी खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग गजांतून झाडाखालच्या पिशवीकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुम्हीच बनवलंय ना?" साहेब म्हणाले. "मग उघडा."

त्यांनी पट्ट्याचं बक्कल लावून पाहिलं, पेनाची क्लिप लावून पाहिली, साहेबांच्या चष्म्याची काडी मागून तीही वाकडी करून दिली. कुलूप ढिम्म. गंमत अशी की दर अपयशागणिक त्यांना घामही फुटत होता आणि छातीही फुगत होती. काय कुलूप केलंय, असं त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि साहेबांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढचं कौतुक त्यांनी मनातच केलं.

मोबाइलला रेंज नव्हती. दोघांनी मिळून ड्रायव्हरच्या नावाने गळा काढला. तो दचकून जागा झाला, धावत आला, साहेब गुहेत अडकले एवढं त्याने ऐकलं, आणि पिशवी, पिशवी असं ते ओरडताहेत तोवर तो उलट्या पावली पळाला. जीप थांबली की तिची किल्ली साहेब स्वतःच्या खिशात ठेवत. म्हणून त्याने समोर दिसलेली, किल्ली तशीच लावून ठेवलेली स्कूटर घेतली आणि तो मदत आणायला सुसाट गावाकडे गेला. पिशवीसकट!

गावात पहिल्या चहाच्या दुकानात त्याने साहेब अडकल्याचं सांगितलं. दुसऱ्या दुकानापर्यंत गुहेचं छत कोसळलं. शाळेपर्यंत बातमी पोचली तेव्हा अर्धी टेकडी खचली होती. बाई हातातल्या उत्तरपत्रिका तशाच टाकून धावल्या. मागे आगीचा बंब, रुग्णवाहिका आणि सगळा गाव. गुहा बघायला चला म्हणून बाई घरोघर फिरल्या होत्या तेव्हा यातला एकही माणूस आला नव्हता.

आडव्या गजांमागे नवरा धडधाकट उभा बघून बाईंनी फटीतून त्याचा हात धरला, आणि कारण कळल्यावर लगेच सोडला. किल्ली कुठे आहे? स्कूटरला. स्कूटर कुठे आहे? ड्रायव्हर मान खाली घालून म्हणाला, मी बंबात बसून परत आलो. स्कूटर चहाच्या दुकानासमोर.

एक माणूस स्कूटर आणायला पळाला. बंबाच्या प्रमुखांना तेवढा धीर कुठला! त्यांनी पहारीने गज वाकवायला घेतले. पहार वाकली. मग त्यांनी गज कापायचं यंत्र मागवलं. आता अंधारू लागलं होतं, आणि पिलं छताला ठेवून माद्या बाहेर पडायची हीच वेळ. यंत्राच्या आवाजाने त्या बिथरल्या तर पिलं खाली पडतील, असं बाई कळवळून सांगत होत्या. गर्दीत कोण ऐकतो!

तेवढ्यात आतून दबका, पण चांगलाच करडा आवाज आला.

"यंत्र सुरू करू नका. आणि कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. इथे पिलं आहेत."

साहेब बोलत होते. इतका वेळ अंधारात बसून त्यांना छताची कुजबुज ऐकू येऊ लागली होती. एक पिलू आईला बिलगताना त्यांनी बॅटरीच्या मंद उजेडात पाहिलं होतं, आणि मग स्वतःच बॅटरी विझवली होती.

सगळा गाव गप्प झाला. पहिलं वटवाघूळ गजांमधून निघालं, एकाही गजाला पंख न लावता. मग दुसरं, आणि मग धुराच्या लोटासारखी रांगच आभाळात चढत गेली. बाई रडत होत्या आणि हसत होत्या. कुलूपवाले डोळे गच्च मिटून साहेबांचा हात धरून उभे होते. थोड्या वेळाने त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसराही उघडला, आणि मिटायचं विसरले.

शेवटचं वटवाघूळ गेलं, किल्ली आली, फाटक उघडलं. साहेबांनी तिथेच सगळ्यांसमोर जाहीर केलं की दिवे रद्द, गाणी रद्द, फाटक कायम. लोकांनी कुलूपवाल्यांना खांद्यावर घेतलं. साहेबांनी आपल्या घरालाही तसंच कुलूप सांगितलं. बसवताना तुम्ही दाराबाहेर उभे राहा, एवढंच म्हणाले.

गुहेची किल्ली बाईंकडे द्यायची असं एकमताने ठरलं. हिवाळ्यात गुहा रिकामी असताना कुलूपवाले कुलपाला तेल घालायला जातात, तेव्हा बाई किल्ली मुठीत धरून बाहेर उभ्या असतात. माझ्यावर एवढाही विश्वास नाही का, असं त्यांनी एकदा दुखावल्या आवाजात विचारलं.

"कुलपावर आहे," बाई म्हणाल्या.